पावसाळ्यापूर्वीची लस – मोठ्यांसाठी

मागील आठवड्यात दवाखान्यात एक आजी आल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, दमा जुना. औषधाची चिठ्ठी लिहून झाल्यावर मी म्हणालो, ''आजी, पावसाळा तोंडावर आला. यंदा फ्लूची लस टोचून घ्यायची आहे.''

आजी हसल्या. ''टोचायला मी काय तान्हं बाळ आहे होय, डॉक्टर?''

सोबत त्यांचा शेती करणारा मुलगा होता. त्याला विचारले, ''गुरांना टोचून आणलंत का?''

''झालं की, साहेब. घटसर्प आणि फऱ्याचं टोचून झालं. पाऊस लागल्यावर टोचून काय उपयोग?''

आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ''म्हणजे गोठ्यातल्यांचं झालं, घरातल्यांचंच राहिलं म्हणायचं.'' आणि त्यांनी दंड पुढे केला.

आजींनी जे दोन वाक्यांत ओळखले, ते समजायला मला स्वतःला बरीच वर्षे लागली. लसीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोलिओचे थेंब, गोवर, धनुर्वात आणि बाळाचे कार्ड येते. मोठ्या माणसांच्याही काही लशी असतात, हा विषय दवाखान्यात निघतच नाही. रुग्ण विचारत नाहीत हे खरे. पण डॉक्टर सांगत नाहीत हे त्याहून खरे. मीही त्यांतलाच एक होतो. आजचा लेख फ्लूच्या लशीविषयी आहे, आणि थोडासा माझ्या चुकीविषयीही.

फ्लू म्हणजे पडसे नव्हे

'सर्दी-तापच तर आहे, दोन दिवसांत उतरेल,' असे आपण सहज म्हणतो. हल्ली प्रत्येक तापाला 'व्हायरल' म्हणण्याची पद्धत पडली आहे. पण साधे पडसे आणि फ्लू यांत फरक आहे. पडशात नाक वाहते, शिंका येतात, घसा खवखवतो. माणूस कुरकुरत का होईना, कामावर जातो. फ्लू अचानक येतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून अंथरूण धरतो. ताप जोराचा, अंग ठणकते, डोके फुटेल असे दुखते, कोरडा खोकला येतो आणि अशक्तपणा इतका की उठून पाणी घेणे नको वाटते. निरोगी तरुण माणूस आठवड्याभरात बरा होतो. मात्र म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि मधुमेह, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार असणारे यांच्यात हा आजार छातीत उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे फ्लूमुळे श्वसनाचे आजार होऊन जगात दरवर्षी २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसे दगावतात.

आपल्या भागाला हा आजार नवा नाही. १९१८ च्या साथीला जुनी माणसे 'मानमोडी' म्हणत. त्या वर्षी जूनमध्ये ती मुंबई बंदरातून आली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात खेडोपाडी पसरली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्यात गेली. माझी आजी त्या वेळी दहा-बारा वर्षांची होती. एका घरातून दिवसाला दोन-दोन तिरड्या निघाल्या, खांदा द्यायला माणूस मिळेना, असे ती सांगे. मानमोडी म्हणजे फ्लूच, हे मला डॉक्टरकी शिकताना कळले.

पुढची आठवण वाचकांपैकी अनेकांना असेल. २००९ साली स्वाइन फ्लू आला. भारतातला त्याचा पहिला बळी त्या वर्षीच्या ऑगस्टच्या सुरुवातीस पुण्यात गेला. शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनासे झाले. ती साथ ओसरली, पण विषाणू गेला नाही. तो नेहमीच्या फ्लूपैकी एक होऊन राहिला. २०१५ साली देशात त्याचे ४२ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि २,९९० जण दगावले. हे फक्त प्रयोगशाळेत तपासलेले रुग्ण; न तपासलेल्यांची गणती कोण करणार?

गुरुजींचा केसपेपर

२०१७ सालची गोष्ट. एक निवृत्त मुख्याध्यापक माझे जुने रुग्ण होते. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे. वय अडुसष्ट, मधुमेह चौदा वर्षांचा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते यायचे. मी रक्तातली साखर पाहायचो, रक्तदाब घ्यायचो, पायाला जखम नाही ना हे तपासायचो, डोळे दाखवलेत का असे विचारायचो. आपण या माणसाची सर्व काळजी घेतो, असे माझे मत होते.

श्रावणात त्यांना ताप आला. घरच्यांनी दोन दिवस क्रोसिनवर काढले. तिसऱ्या दिवशी आणले तेव्हा धाप लागलेली होती. मी लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तपासणीत स्वाइन फ्लू निघाला. व्हेंटिलेटर लावावा लागला. नवव्या दिवशी गुरुजी गेले.

तेराव्यानंतर त्यांचा मुलगा दवाखान्यात आला, राहिलेले बिल द्यायला. जाताना उंबऱ्यापाशी थांबून म्हणाला, ''डॉक्टरसाहेब, तिकडे इस्पितळात म्हणत होते की याची लस असते. मधुमेह असणाऱ्यांनी घ्यायची असते. आम्हाला कुणी बोललं नव्हतं.'' त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते.

रात्री मी गुरुजींचा केसपेपर काढून पाहिला. चौदा वर्षांत त्यांच्या दीडशेहून अधिक भेटी झाल्या होत्या. त्यांत लस हा शब्द एकदाही नव्हता. लस घेतली असती तर गुरुजी वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. कोणताही प्रामाणिक डॉक्टर तसे म्हणणार नाही. पण वाचण्याची शक्यता वाढली असती, आणि ती त्यांना देणे माझ्या हातात होते.

लस काय करते आणि दरवर्षी का?

फ्लूच्या विषाणूंच्या अ आणि ब अशा दोन जाती माणसाला मुख्यतः त्रास देतात. या विषाणूच्या अंगावर दोन प्रकारचे काटे असतात. त्यांना एच आणि एन म्हणतात. एच१एन१, एच३एन२ ही नावे त्यांवरूनच पडली. एकदा आजार झाला किंवा लस घेतली की आपले शरीर हे काटे ओळखायला शिकते आणि पुढच्या वेळी विषाणूला लवकर अडवते. पण हा विषाणू मोठा बहुरूपी आहे. तो काट्यांचा आकार थोडा थोडा बदलत राहतो. गेल्या वर्षीची ओळख यंदा पुरेशी पडत नाही. शिवाय लशीने आलेली ताकदही काही महिन्यांत उतरते. म्हणून दरवर्षी नवी लस.

कोणत्या विषाणूंची लस करायची हे जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा ठरवतात. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. आपल्याकडे फ्लू मुख्यतः पावसाळ्यात उसळतो, आणि काही वर्षी थंडीच्या अखेरीस पुन्हा डोके वर काढतो. २०२३ च्या मार्च महिन्यात एच३एन२ ने असेच केले होते. टोचल्यानंतर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. हा हिशेब मांडला तर महाराष्ट्रात एप्रिल-मे हा लस घेण्याचा उत्तम काळ ठरतो. बियाण्याला औषध पेरणीआधी चोळायचे असते, रोप पिवळे पडल्यावर नव्हे.

लस पूर्ण संरक्षण देते का? नाही. ज्या वर्षी लस आणि साथीचा विषाणू यांचा मेळ चांगला बसतो, त्या वर्षीही फ्लूमुळे डॉक्टरकडे जाण्याची पाळी साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. म्हातारपणी हा आकडा आणखी खाली येतो. मग उपयोग काय, असे कोणी विचारेल. उपयोग असा की लस घेऊनही फ्लू झालाच, तर तो बहुधा सौम्य राहतो. इस्पितळाची आणि अतिदक्षता विभागाची पायरी चढण्याची शक्यता घटते. हेल्मेट घातल्याने अपघात टळत नाही, पण डोके वाचते. तसेच हे आहे.

हृदयाशी असलेला संबंध

ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. फ्लू फक्त फुप्फुसाचा आजार नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की फ्लू झाल्याचे तपासणीत सिद्ध झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण एरवीपेक्षा सुमारे सहापट होते. तापाने आणि दाहाने रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हृदयावर ताण पडतो आणि आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते.

उलट बाजूचाही पुरावा आहे. आठ देशांतील अडीच हजारांवर हृदयरुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यांतले बहुतेक नुकताच झटका येऊन गेलेले होते. अर्ध्यांना इस्पितळातच फ्लूची लस दिली, अर्ध्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले. कोणाला काय दिले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात मिठाचे पाणी टोचलेल्यांपैकी ४.९ टक्के दगावले, तर लस दिलेल्यांपैकी २.९ टक्के. ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, त्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांइतकाच विचार या लशीचाही करावा.

कोणी घ्यावी?

साठी-पासष्टी ओलांडलेल्या सर्वांनी घ्यावी. वय कमी असले तरी मधुमेह, दमा, जुनाट खोकला व श्वासाचा विकार, हृदयविकार, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी, तसेच कर्करोगाचे उपचार चालू असणाऱ्यांनी घ्यावी. इस्पितळात, दवाखान्यात काम करणाऱ्यांनी घ्यावी. घरात अशी नाजूक माणसे असतील तर त्यांची सेवा करणाऱ्यांनीही घ्यावी.

गरोदर स्त्रियांविषयी वेगळे सांगायला हवे. गरोदरपणात फ्लू फार जड जातो. टोचायची लस निष्क्रिय विषाणूची असते आणि ती गरोदरपणात कोणत्याही महिन्यात देता येते. तिचा लाभ दोघांना होतो. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ही लस देता येत नाही. आईकडून मिळालेली शिदोरीच त्याला तोवर पुरते.

नेहमीच्या शंका

'लस घेतल्यावर मला फ्लूच झाला.' ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो. टोचायच्या लशीतील विषाणू मारलेला असतो. त्याने फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखणे, एखादा दिवस अंग कसकसणे, थोडा ताप येणे हे शरीर धडा गिरवत असल्याचे चिन्ह आहे. त्याच दिवसांत दुसरे पडसे झाले तर दोष लशीवर जातो.

'मला कधी फ्लू होत नाही.' गुरुजींनाही त्याआधी झाला नव्हता.

'कोविडची लस घेतली आहे, ती चालणार नाही का?' नाही. दोन्ही विषाणू वेगळे, लशीही वेगळ्या. मात्र २०२१ साली ग्रामीण रुग्णालयांपुढे रांगा लावून आपण एक गोष्ट सिद्ध केली, की मोठ्यांनाही लस टोचून घेता येते.

'लशीने काही अपाय होत नाही ना?' गंभीर अपाय अत्यंत विरळा. ज्यांना पूर्वी याच लशीची तीव्र ॲलर्जी झाली आहे त्यांनी ती घेऊ नये. अंगात जोराचा ताप असेल तर तो उतरल्यावर घ्यावी. ज्यांना पूर्वी गियाँ-बारे नावाचा, हातपाय लुळे पाडणारा आजार होऊन गेला आहे, त्यांनी डॉक्टरांना तसे आधी सांगावे. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे दवाखान्यातच बसावे.

'खर्च फार आहे.' ही शंका मात्र खरी आहे. खाजगीत ही लस साधारण हजार ते दोन हजार रुपयांच्या दरम्यान पडते, आणि म्हातारी माणसे स्वतःवर एवढा खर्च करायला कचरतात. महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून गरोदर स्त्रिया आणि मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण अशा जोखमीच्या गटांसाठी ही लस मोफत देण्यास सुरुवात केली. तेव्हा जवळच्या शासकीय रुग्णालयात आधी चौकशी करावी. नाहीच मिळाली, तर मुलांनी पुढाकार घ्यावा. आईवडिलांना दिवाळीला कपडे घेतो, तशी वैशाखात ही लस घ्यावी.

मी काय बदलले

गुरुजी गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा स्वतःला लस टोचून घेतली, मग पत्नीला आणि कंपाउंडरला दिली. जे डॉक्टर स्वतः घेत नाहीत, त्यांचे रुग्ण कशाला घेतील?

मग साठीच्या पुढच्या आणि जुनाट आजाराच्या सर्व रुग्णांच्या केसपेपरवर कोपऱ्यात लाल पेन्सिलीने 'फ' लिहायला सुरुवात केली. गुढीपाडवा झाला की ज्याच्या कागदावर 'फ' आहे, त्याला कंपाउंडर बाहेरच सांगतो, ''आज डॉक्टरांना लशीचं विचारा.'' म्हणजे मी गर्दीत विसरलो तरी रुग्ण आठवण करतो.

लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते आणि आमच्याकडची वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून मी साठा करीत नाही. नावे वहीत लिहून घेतो, तेवढ्याच लशी बुधवारी सकाळी बर्फाच्या पेटीतून मागवतो आणि दुपारपर्यंत टोचून संपवतो. जे आले नाहीत त्यांना संध्याकाळी फोन जातो.

सर्वांत मोठा बदल बोलण्यात झाला. आधी मी विचारायचो, ''लस घ्यायची का?'' उत्तर ठरलेले, ''बघू पुढच्या वेळी.'' आता म्हणतो, ''पावसाआधी तुमची लस व्हायला हवी. आज नाव लिहू की मुलाला विचारून उद्या सांगता?'' शंका असेल तर बसवून उत्तर देतो. नको म्हटले तर रागवत नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा विचारतो. पहिल्या वर्षी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी घेतली. आता बुधवारी बाकावर जागा पुरत नाही.

यात माझा काही शोध नाही. इंग्लंडमध्ये दरवर्षी थंडीच्या आधी ६५ वर्षांवरील नागरिकांना लशीसाठी बोलावणे धाडतात, आणि फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात त्यांना ती मोफत टोचतात. २०२१-२२ च्या हंगामात तिथे या वयाच्या ८२ टक्के लोकांनी ती घेतली. अनेक देशांतील पाहण्यांचे सार एकच आहे. आपल्या ओळखीच्या डॉक्टरने स्वतःहून आणि स्पष्ट सांगितले, वेळेवर आठवण केली, तर माणसे लस घेतात. आपल्याकडे मोठ्यांसाठी बोलावणे धाडणारी अशी व्यवस्था नाही. म्हणून हे काम तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचे आहे. आणि ते विसरले, तर तुमचे.

शेवटी महत्त्वाचे

लस घेतलेली असो वा नसो, पावसाळ्यात जोराचा ताप व खोकला आला आणि तुम्ही वर सांगितलेल्या जोखमीच्या गटात असाल, तर घरी वाट पाहू नका. फ्लूवरचे ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर अधिक गुण देते. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, असंबद्ध बोलणे, लघवी फार कमी होणे, यांपैकी काही दिसले तर वेळ न दवडता इस्पितळ गाठावे. खोकताना तोंडावर रुमाल धरावा, हात साबणाने धुवावेत, ताप असताना लग्नकार्यात जाऊ नये.

आणि पुढच्या वेळी रक्तदाब मोजायला जाल तेव्हा बाही खाली ओढण्यापूर्वी एवढेच विचारा, ''डॉक्टर, माझ्यासाठी एखादी लस आहे का?'' गुरुजींनी मला हे कधी विचारले नाही. विचारण्याचे काम त्यांचे नव्हतेच.